चाकोरीबाहेरची तीन चाके

मराठी समीक्षेत ‘चाकोरीबाहेरचा’ या विशेषणाइतके स्वस्त झालेले विशेषण क्वचितच दुसरे सापडेल. पुस्तकाची पाठराखण असो, प्रस्तावना असो की परिसंवादातले टिपण, नव्या लेखकाचे स्वागत करावयाचे झाले की हा शब्द हाताशी असतोच. चाकोरीतला तो सामान्य आणि चाकोरीबाहेरचा तो प्रतिभावंत, अशी एक सोयीची विभागणी आपण करून टाकली आहे. वर्गात आम्ही ती शिकवतो, विद्यार्थी उतरवून घेतात आणि परीक्षेत ती जशीच्या तशी आमच्याकडे परत येते. या व्यवहारात चाकोरी म्हणजे मुळात काय, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेला चर. एका मुलखातल्या बैलगाड्यांच्या दोन चाकांमधले अंतर साधारण सारखेच असते. त्यामुळे एक गाडी गेली की दुसरी तिच्याच चरांतून जाते, तिसरी तो चर अधिक खोल करते. बैलांना ती वाट सांगावी लागत नाही, गाडीवान झोपला तरी गाडी घरी येते. चाकोरी ही आळसातून जन्मलेली गोष्ट नव्हे. मऊ मातीवर वजन वाहून नेण्यासाठी अनेकांनी मिळून, न ठरवता केलेला तो रस्ता आहे. चाकोरी सोडणे म्हणजे ज्या मातीने अजून कुणाचेही वजन पेललेले नाही तिच्यावर आपले वजन टाकणे. ते पेलले जाईलच याची हमी नसते.

ही गोष्ट मोताळ्यात शिकवणाऱ्याला अधिक लवकर कळते, कारण इथली मातीच तशी आहे. बुलढाण्याकडून राजूर घाट उतरून मलकापूरच्या वाटेला लागले की मोताळा येते. आमच्या जिल्ह्यात माणसाची ओळख ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ अशी विचारली जाते. आम्ही घाटाखालचे. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली कापसाची काळी माती घाटाखाली पसरली आहे. भूशास्त्रज्ञ तिला व्हर्टिसॉल म्हणतात. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाय धरून ठेवते. चपला हातात घेऊन चालणे हा इथला पावसाळी शिष्टाचार आहे. दुचाकीच्या चाकात आणि मडगार्डमध्ये माती दाटून चाक फिरेनासे होते, म्हणून पेरणीच्या सुमारास मडगार्ड काढून ठेवणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत.

बी.ए.च्या वर्गात एकदा एका कवीची ओळख करून देताना ‘चाकोरीबाहेरची वाट धरणारा’ असा उल्लेख आला. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या पांदणीत चाकोरी सोडली की गाडी फसते. मग गावातली चार माणसं बोलवावी लागतात, आणि ती आधी शिव्या देतात.” वर्ग हसला. पुढे ती म्हणाली, “माझे बाबा चाकोरीबाहेर चालणारी गाडी करताहेत. तुम्ही या पाहायला.” वाङ्मयीन संकल्पनेला इतके रोखठोक निमंत्रण आम्हाला पूर्वी कधी मिळालेले नव्हते. आम्ही गेलो.

तिचे वडील माजी सैनिक. गावात त्यांना सगळे ‘फौजी’ म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हणू. निवृत्तीनंतर त्यांनी घरची शेती हाती घेतली. शेत मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आणि मध्ये पांदण. इतरत्र जिला पाणंद म्हणतात ती आमच्याकडे पांदण. अशा रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली, पण प्रत्येक पांदणीची पाळी येईपर्यंत पावसाळे थांबत नाहीत. बैलजोडी विकलेली. एका गुडघ्याला नोकरीत इजा झालेली. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये खताची गोणी शेतात नेण्याचे काम त्यांच्या पत्नीच्या डोक्यावर येऊन पडले होते, अगदी शब्दशः. युरियाची गोणी ४५ किलोची असते.

फौजींनी लडाखमध्ये बर्फ पाहिला होता आणि बर्फावर चालणाऱ्या स्नो-स्कूटरही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: “सर, बर्फ काय अन् आपली काळी काय, दोघीले वजन सोसत नाई. काहून की खाली आधारच नसते. मंग गाडीनं आपलं वजन लपवलं पाह्यजे.” वजन लपवणे हा प्रयोग आम्हाला फार आवडला. भौतिकशास्त्रात त्याला दाब म्हणतात, म्हणजे वजन भागिले टेकलेली जागा. वजन कमी करा किंवा जागा वाढवा. शक्य तर दोन्ही करा.

बर्फासाठी हे गणित जगात दोन ठिकाणी दोन वेगळ्या रीतींनी सोडवले गेले आणि दोन्ही ठिकाणी उत्तर तीन चाकांचे आले. पहिले ठिकाण कारखान्यातले. हिवाळ्यात अमेरिकेत मोटारसायकली खपत नसत. त्या महिन्यांत विकता येईल असे काहीतरी करून द्या, अशी मागणी १९६७ साली तिथून होंडा कंपनीकडे गेली. ओसामु ताकेउची या अभियंत्याने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतचे नमुने करून पाहिले. बर्फ, चिखल आणि निसरड्या उतारावर तीन चाकांचा नमुना सरस ठरला. १९७० मध्ये बाजारात आलेल्या त्या गाडीला ८९ सीसीचे छोटे इंजिन होते आणि फुग्यासारखी जाड, अगदी कमी हवेची चाके होती. स्प्रिंगा नव्हत्याच, धक्के सोसण्याचे कामही ती चाकेच करीत.

दुसरे ठिकाण घराच्या अंगणातले. रशियाच्या उत्तर भागात गोठलेल्या पाण्यावर मासेमारीला जाणारे लोक जुन्या मोटारसायकली कापून, ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूब पट्ट्यांनी बांधून चाके म्हणून वापरीत आणि तीनचाकी गाडी तयार करीत. तिला ते ‘कराकात’ म्हणतात. माकुळ या समुद्री जीवाच्या रशियन नावावरून हा शब्द आला. बेढब, फुगीर, पण जिथे दुसरे काही चालत नाही तिथे चालणारा प्राणी. बर्फ फुटला तरी हवा भरलेल्या ट्यूबमुळे ती सहसा बुडत नाही. कराकातचा कारखाना नसतो. ती ज्याची त्याने आपल्या हाताने करावयाची असते.

फौजींची गाडी याच दुसऱ्या कुळातली. मलकापूर रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात ती आकार घेत होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये गावाच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचे नाव ‘गांव-गाडा’ ठेवले. त्या व्यवस्थेत गाडी करणारे हात दोन होते. सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे घडवी. लोहार तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवी. आजच्या वेल्डिंगच्या दुकानात हे दोन्ही वारसे एकत्र आले आहेत. तुंब्याला आता हब म्हणतात, आसाला शाफ्ट, आणि जिथे पूर्वी ठोकाठोक होती तिथे ठिणग्या उडतात. शब्द बदलले, तरी मोडलेल्या गोष्टीतून चालती गोष्ट करण्याचे शहाणपण तेच आहे.

या शहाणपणाचे दाखले आसपास शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलीच्या भागांना पास जोडून हाताने ढकलण्याचे कोळपे तयार केले. बैल बाळगणे न परवडणाऱ्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग झाला आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननेही त्याची दखल घेतली. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि औते जोडण्याची दांडी बसवली. ‘बुलेट सांती’ नावाने ओळखली जाणारी ती गाडी म्हणजे शेतात चालणारी तीनचाकीच. दोन्ही ठिकाणी सुरुवात शोधाच्या हौसेने नव्हे, तर बैल नसण्याने झाली.

फौजींनी भंगारातून १०० सीसीची मोटारसायकल आणली. पुढचा भाग तसाच ठेवून मागे अखंड आस बसवला आणि साखळीने त्याला इंजिन जोडले. चाकांचा प्रश्न मात्र रशियातल्यासारखा सुटण्याजोगा नव्हता. गोठलेल्या पाण्यावर काटे नसतात. आमच्या पांदणीत बाभूळ आहे. नुसती ट्यूब तिथे पहिल्याच फेरीत संपली असती. म्हणून त्यांनी जुने टायर घेतले आणि धारदार सुरीने त्यांची वरची जाड रबरी साल उतरवली. या कामाला ते ‘टायर सोलणे’ म्हणत. सोललेला टायर हलका होतो आणि कमी हवेतही मऊ राहतो, तरीही काट्यांना थोडाफार अडवतो. त्यांनी हवा ठेवली तीन पौंड. दुचाकीच्या चाकात आपण तिच्या कितीतरी पट भरतो.

आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. रिकामी गाडी १४० किलो, चालवणारा ७०, गोणी ४५. एकूण २५५ किलो. तीन पौंड हवेचे चाक जमिनीला दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.२१ किलो इतकेच दाबते. आता गोणी डोक्यावर घेतलेली ५० किलोची बाई धरा. चालताना सगळे वजन एका पावलावर येते. पाऊल १८० चौरस सेंटीमीटरचे मानले तर दाब ०.५३ येतो. अडीचशे किलोची गाडी जिथे मातीवर तरंगत जाईल, तिथे त्या बाईचे पाऊल अडीचपट जोराने रुतत होते. आकडेमोड आमचा प्रांत नव्हे, पण ही एक ओळ आम्हाला पुष्कळ ग्रामीण कथांपेक्षा अधिक बोलकी वाटली.

बर्फ आणि काळी माती यांत एक मोठा फरक आहे. कोरडा बर्फ दबतो, चिकटत नाही. आमची माती चिकटते. चाक फिरेल तसतसे त्यावर थर चढत जातात आणि लपवलेले वजन परत येते. म्हणून फौजींनी मडगार्ड ठेवलेच नाहीत. प्रत्येक चाकामागे बोटभर अंतरावर लोखंडी पट्टी बसवली, जी चढलेली माती खरवडत राहते. दुसरी अडचण तीन चाकांची अंगभूत आहे. चारचाकीची मागची चाके पुढच्यांनी पाडलेल्या चरांतून जातात. म्हणजे ती स्वतःची चाकोरी स्वतःच पाडून तिचा लाभ घेते. तीनचाकीचे प्रत्येक चाक नवी माती फोडते. तीन चाके, तीन वेगळे चर. चाकोरीची सोय तिला स्वतःकडूनसुद्धा मिळत नाही.

मग तीनच का? याचे उत्तर घरातल्या तिवईत आहे. चार पायांचे स्टूल ओबडधोबड फरशीवर डुगडुगते, तिवई कधी डुगडुगत नाही. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात येतातच, त्यामुळे खाचखळग्यांत तिन्ही चाके जमिनीला टेकलेली राहतात. शिवाय एक चाक कमी म्हणजे तेवढे वजन आणि तेवढा खर्च कमी. फौजींच्या गाडीला मागे घेण्याचा गिअर नाही. पण ती इतकी हलकी आहे की रिकामी असताना दोन माणसे मागची बाजू उचलून तिचे तोंड फिरवू शकतात.

उभे राहण्यासाठी तीन पुरेसे असतात. वळण्यासाठी ते पुरत नाहीत. आमच्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. पुढे एक आणि मागे दोन चाके असली की गाडीच्या पायाचा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. वळताना वजन बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, त्यातच ब्रेक लावला तर ते पुढेही सरकते, म्हणजे नेमके जिथे त्रिकोण अरुंद आहे तिथे. त्यात मागचा आस अखंड. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, पण अखंड आसावर दोन्ही चाके सारखीच फिरतात. चिखलात ती घसरून जुळवून घेतात; कडक जमिनीवर मात्र गाडी सरळच जाऊ पाहते आणि चालवणाऱ्याने अंग झुकवून तिला वळवावे लागते. ज्याला हे ठाऊक नाही तो पडतो.

होंडाच्या आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या इतर कंपन्यांच्या तीनचाक्यांचा शेवट याच वळणावर झाला. १९८० च्या दशकात त्या अमेरिकेत खेळण्यासारख्या खपल्या आणि अपघातांत सापडणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी होती. १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार उत्पादकांनी तिथे नव्या तीनचाक्या विकणे थांबवले आणि २००८ च्या कायद्याने त्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. त्यांची जागा चारचाक्यांनी घेतली. आपल्याकडे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘जुगाड’ नावाने ओळखली जाणारी वाहनेही मोटार वाहनेच आहेत, कायद्यातल्या अटी पाळल्याखेरीज ती रस्त्यावर आणता येणार नाहीत, असे बजावले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप केली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण नियमांमुळे ती आज ना उद्या थांबवली जाईल, हेही त्याच दमात सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. घरी केलेल्या वाहनाचे कौतुक होते, ते संग्रहातही ठेवले जाते. त्याच्या वळण्याची जबाबदारी कुणी घ्यावयाची, हा प्रश्न मात्र राहतो.

फौजींनी तो टाळला नाही. पहिल्या चाचणीत त्यांनी स्वतः बसण्याऐवजी आसनावर रेतीची पोती बांधली आणि दोर लावून गाडी उतारावरून सोडली. धुऱ्यापाशी पुढचे चाक वळले आणि गाडी पोत्यांसकट आडवी झाली. (प्रमाण मराठीत धुरा खांद्यावर वाहावयाची असते, वऱ्हाडात धुरा म्हणजे शेताचा बांध. त्या दिवशी दोन्ही अर्थ एकाच जागी भेटले.) त्यांची मुलगी, म्हणजे आमची विद्यार्थिनी, शेजारी उभी होती. ती काहीच बोलली नाही. पोते फाटून सांडलेल्या रेतीकडे फौजी बराच वेळ पाहत राहिले. त्या जागी कोण असू शकले असते, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होते.

त्यानंतर महिनाभर गाडी पुन्हा दुकानात होती. मागच्या चाकांमधले अंतर तीन फुटांवरून सव्वाचार फूट झाले. आसन एक वीत खाली आले आणि मागच्या आसाजवळ सरकले. गोणीची जागा आसनामागे, आसाच्या वर, जमेल तितकी खाली केली. मागचे दातेरी चक्र मोठे बसवले, म्हणजे ताकद वाढली आणि वेग माणसाच्या धावण्याइतकाच उरला. दुकानदाराने आणखी एक उपाय सुचवला होता, पुढे दोन आणि मागे एक चाक. त्याने वळताना ब्रेक लावण्याचा धोका कमी होतो. पण मग ओढण्याचे सगळे काम एकट्या मागच्या चाकावर येते आणि चिखलात ते जागीच फिरत राहते. फौजींनी विचार करून नाही म्हटले. त्याऐवजी दोन नियम केले. गाडी डांबरी रस्त्यावर आणायची नाही आणि तिच्यावर दुसऱ्या माणसाला बसवायचे नाही. धुऱ्यावर वळताना मात्र उतरून, हातात धरून वळवायची.

या शेवटच्या नियमावर दुकानातले लोक हसले. एवढी खटपट करून शेवटी उतरायचेच ना? फौजी शांतपणे म्हणाले, “दोन किलोमीटरात तीनदा उतराव लागते. गोणी त उतरत नाई ना कोनाच्या डोक्यावर.” आम्हाला वाटते, एखाद्या कृतीचे प्रयोजन आणि मर्यादा इतक्या कमी शब्दांत एकत्र सांगणे आम्हा शिकवणाऱ्यांना क्वचित साधते.

गेल्या पावसाळ्यात ती गाडी चालली. गोण्या शेतात पोहोचल्या, फवारणीचे पाणी पोहोचले. हवा कमी असल्यामुळे तिच्या मागे फारशी खूण उरत नाही. ओलसर मातीवर तीन पुसट पट्टे दिसतात आणि पुढच्या सरीत तेही जातात. तिच्या मागून कुणाला जाता येणार नाही. वाङ्मयेतिहासातही असे काही लेखक असतात. ते स्वतः पार होतात, पण त्यांची परंपरा होत नाही, आणि आपण त्यांना ‘चाकोरीबाहेरचे’ म्हणून मोकळे होतो. त्यांनी काय काय सोलून टाकले, कशाचे वजन लपवले, आणि कुठल्या वळणावर ते उतरून चालले, हे मात्र आपण तपासत नाही. ते तपासणे हेच खरे तर समीक्षेचे काम आहे. आणि ज्यांनी चाकोरी पाडली, ज्यांच्या चरांतून पुढच्या शंभर गाड्या निर्धास्त गेल्या, त्यांना ‘चाकोरीबद्ध’ म्हणून बाजूला सारण्यापूर्वी थोडे थांबावे, असेही आता आम्ही वर्गात सांगतो.

आमच्या विद्यार्थिनीने ती गाडी चालवण्याची परवानगी मागितली आहे. वडील अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. तिचा युक्तिवाद असा की, आई चालत होती त्यापेक्षा हे सुरक्षित आहे. त्यांचा युक्तिवाद असा की, आई वळताना उलटत नव्हती. दोघांचेही खरे आहे. या जूनमध्ये पहिला पाऊस पडण्याआधी, रिकाम्या गाडीवर, सपाट वावरात, ते स्वतः बाजूने चालत असताना तिने शिकावे, इथपर्यंत बोलणे आले आहे. गाडीची हवा तपासण्याचे काम तिने आतापासूनच आपल्याकडे घेतले आहे.